फिर्मिना मावशीची नजर

साप चावलेल्या माणसावर पोटुशी बाईची नजर पडू नये, हे आमच्या नदीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणसाला साप चावला की त्याला अंधाऱ्या जागी निजवायचं, दाराला चादर लावायची, पाण्याचा थेंब द्यायचा नाही, आणि घरातल्या बाईला दिवस गेलेले असतील तर तिला शेजारी हाकलायचं. शहरातून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, हे तुम्ही खरं मानता का? मी म्हटलं, बाई, मी इंजिनची होडी चालवतो. पाण्याखालचा ओंडका दिसत नाही म्हणून तो नाहीच, असं धरून चाललो असतो तर आज तुमच्याशी बोलायला उरलो नसतो. त्या हसल्या. फिर्मिना मावशीला त्यांनी हा प्रश्न विचारला नाही, हे फार बरं झालं.

फिर्मिना माझी सख्खी मावशी नव्हे. बोका दो मुतुम या आमच्या वस्तीत दोघांची घरं शेजारी, लाकडी खांबांवर उभी. ठेंगणी, काटक बाई आणि कामाला वाघीण. कसाव्याचे कंद किसून, पिळून, मोठ्या कढईत परतून ती जे भाजकं पीठ करायची तसं अख्ख्या काठावर कुणाचं होत नसे. तोंडाचीही तिखट. मी उशिरा उठलो की तिच्या ओट्यावरून हाक यायची, "तेर्तु, अरे तुझ्या इंजिनापेक्षा तुझंच घोरणं मोठं! मासे पळाले सगळे." पण बोलताना ती कधी समोरच्याच्या डोळ्यांत बघायची नाही. तुमच्या खांद्याकडे बघेल, गळ्याकडे बघेल, हातातल्या माशाकडे बघेल. नवख्याला वाटे, बाई लाजाळू आहे. लाजाळू कसली डोंबलाची! ती घाबरायची, आणि तुम्हाला नव्हे, स्वतःच्या डोळ्यांना.

त्याचं कारण तिचा नवरा लाउदेलिनो. रबराच्या झाडांना चिरा पाडायला रानात गेला, तिथं घोट्याला जराराका, आमच्याकडचा जहरी साप, चावला आणि तो लंगडत परत आला. फिर्मिनाला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते. घरात पोटुशी बायको, म्हणून त्याला घरात न घेता मागच्या पीठघरात, कढईशेजारी निजवलं. सासूनं फिर्मिनाला स्वयंपाकाच्या चौकात बसवलं आणि बजावलं, तिकडे फिरकलीस तर याद राख. आमच्या वस्तीचा देव साओ बेंतो, सापांपासून राखणारा. त्याच्या नावानं मांत्रिक बेलार्मिनो मंत्र घालत राहिला, तंबाखूचा लगदा लावत राहिला. विषावरची लस होती ती मोठ्या गावाच्या दवाखान्यात, आणि तेव्हा तिथं वल्ही मारत जायचं म्हणजे माणूस वाटेतच संपायचा. लाउदेलिनो पाणी मागत होता. मग तो पाणी मागायचं सोडून बायकोच्या नावानं हाका मारू लागला. मी तेव्हा पोरगा होतो, तरी त्या हाका मला अजून आठवतात. फिर्मिनाला त्या ऐकवेनात. ती उठली, पीठघराच्या फळ्यांमधल्या फटीला तिनं डोळा लावला, आणि आत तो नेमका तिकडेच बघत होता.

सासूनं ते पाहिलं. लाउदेलिनो दुसऱ्या दिवशी गेला.

तेव्हापासून ती डोळेवाली झाली. तोंडावर मावशी, वहिनी, आजी; पाठीमागे डोळेवाली. पोटातलं पोर म्हणजे ओसिमार, बापाला न बघता जन्माला आला. सासूनं मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. फिर्मिनानं एका शब्दानं उलट उत्तर केलं नाही, कारण तिला ते सगळं पटलेलं होतं. लोकांपेक्षा जास्त पटलेलं होतं. पीठघराची ती फट तिनं स्वतः मेणकापड आणि डांबर कोंबून बुजवली. वस्तीत कुणाला साप चावला की ती आपल्या घरात भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर फडकं बांधून बसायची. पुढे विधवा होऊन वर्षं लोटली, पोटुशी असण्याचा प्रश्नच उरला नाही, तरी बसायची. मी एकदा चिडून म्हटलं, "मावशी, आता तुझ्या पोटात कसाव्याशिवाय काय आहे?" ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "गप रे. एकदा लागलेली सवय असते डोळ्याला."

थोरली मुलगी अल्देनोरा मात्र वेगळ्या मुशीतली निघाली. बापाच्या हाका तिनंही ऐकल्या होत्या, पण तिनं त्यातून वेगळं काढलं. मोठ्या गावात कुणाकडे धुणीभांडी करत शिकली, मग मनाउस शहरात जाऊन नर्सचं शिक्षण घेतलं, आणि पांढरा झगा घालून परत आमच्या चिखलात आली. आल्या आल्या एकच धोशा: लस इथं पाहिजे. मोठ्या गावाला इंजिनच्या होडीनंही अख्खा दिवस मोडतो, आणि पुरात साप उंचवट्यावर चढतात, तिथंच आम्हीही चढलेलो असतो. एकाच ओट्यावर माणूस, कोंबड्या आणि जराराका. ती वरच्या लोकांना पिडत राहिली. शेवटी कंटाळून त्यांनी आरोग्य केंद्राच्या छपरावर सौर पॅनेल बसवलं, एक फ्रिज दिला, त्यात लसीच्या कुप्या ठेवल्या. मला दवाखान्याची होडी दिली आणि मीही सरकारी माणूस झालो. मावशी म्हणाली, "घोरण्याचा पगार मिळणार म्हण की आता."

फ्रिज आल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं ते सापाचं नव्हे, कोळ्याचं. केळीच्या घडात दडून बसणारा तो मोठा, पुढचे पाय उभारून अंगावर येणारा कोळी चावला कुणाला? तर मंत्रवाल्या बेलार्मिनोलाच. म्हातारा बोट धरून बोंबलत केंद्रात शिरला, घामानं निथळत होता. अल्देनोरानं चाव्याशेजारी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायला सांगितलं, नाडी बघत बसली. दुखणं उतरल्यावर म्हातारा मिशीवर हात फिरवत म्हणाला, "माझाच मंत्र. जरा उशिरा लागू पडला एवढंच." अल्देनोरा म्हणाली, "आजोबा, पुढच्या वेळी मंत्र घरीच म्हणून या, म्हणजे माझं औषध वाचेल." सगळी वस्ती हसली, आणि त्या हसण्यातून लोक केंद्रात यायला लागले. आवळपट्टी न बांधता, गावठी काळ्या औषधाच्या बाटल्या न पाजता, चावल्याबरोबर यायला लागले. मी नदीवरून आणायचो, ती टोचायची. माणसं चालत घरी जायची. फिर्मिना मावशी केंद्राच्या बाहेर पाठ करून बसायची आणि नातेवाइकांना गोड कॉफी करून द्यायची. आत बघायची नाही, पण बाहेर अभिमानानं फुलून जायची.

मग चाळिशीच्या तोंडावर अल्देनोराला दिवस गेले. आधी दोनदा गेलेले टिकले नव्हते. नवरा मनाउसमध्ये कारखान्यात, सणावारी येणारा. तिनं ही गोष्ट फक्त आईला सांगितली आणि झगा एक माप सैल शिवून घेतला. नदीवर कळलं की नर्सबाईच पोटुशी आहे, तर चावलेलं एकही माणूस तिच्यासमोर येणार नाही, हे ती ओळखून होती.

आईची भीतीनं गाळण उडाली. त्या दिवसांतलं दोघींचं बोलणं अल्देनोरानं मला पुढे होडीत सांगितलं.

"बाळ होईपर्यंत चावलेल्याला बघू नकोस पोरी. हात जोडते तुला."

"मग त्यांना टोचणार कोण आई, तू?"

"मोठ्या गावाला पाठव."

"पाठवते की. वाटेत मेले की तूच रडायला ये."

अल्देनोरा ऐकणारी नव्हती. पुराच्या सुरुवातीलाच एक मच्छीमार आला, मग वरच्या काठावरची एक बाई. पोटुशी असूनच तिनं दोघांना बघितलं, टोचलं, आणि दोघं बरे झाले. एखाद्याला वाटेल, आता तरी म्हातारीच्या मनातलं निघालं असेल. कुठलं! माणसाच्या मनात एकदा भीती बसली की ती सोयीची वाट काढते. मावशीनं विचार करकरून वाट काढली: नजर परक्याला लागत नाही, आपल्या रक्ताच्या माणसाला लागते. लाउदेलिनो माझा होता, म्हणून गेला. हे तिनं मला जाळं विणता विणता सांगितलं, आणि मी मूर्खासारखा हो ला हो केलं, कारण मला पोटाची गोष्टच माहीत नव्हती.

पूर भरात असताना ओसिमारला साप चावला. तिचा धाकटा, हसतमुख, थोडा आळशी, बहिणीला चिडवण्यात पटाईत. सकाळी असाईच्या झाडावर फळं काढायला गेला, आणि झाडाच्या बुंध्याशी, कोरड्या उरलेल्या बोटभर जमिनीवर, जराराका वेटोळं घालून बसली होती. पोटरीवर चावली. तो होडी वल्हवत घरी आला. त्याची बायको झुलेदे केंद्राकडे धावत सुटणार, तोच मावशीनं तिचा दंड धरला.

"तिकडं नाही."

"अहो पण ताई तिथंच आहेत, औषध आहे!"

"ती पोटुशी आहे. आणि हा तिचा भाऊ आहे. माझ्या डोळ्यादेखत एकदा झालंय, परत नाही होऊ द्यायची."

मावशीला लस नको होती असं कुणी म्हणू नका. तिला लस हवी होती, फक्त दुसऱ्या कुणाच्या हातून हवी होती. मी होडी घेऊन खालच्या वस्तीवर डिझेल आणायला गेलेलो. तिनं ठरवलं, तेर्तु दुपारी येईल, तो ओसिमारला तडक मोठ्या गावाला नेईल, तिथं परके लोक टोचतील, पोर वाचेल. तोवर त्याला पीठघरात निजवायचं. तिथली फट बुजवलेली होती ना. झुलेदेला तिनं साओ बेंतोची शपथ घातली. पायाला आवळपट्टी बांधली, काळं औषध पाजलं, दाराला चादर लावली. ओसिमार पाणी मागायला लागला. तिनं दिलं नाही.

मला त्या दिवशी यायला उशीर झाला. वाटेत तरंगत्या ओंडक्यानं पंख्याचं पातं मोडलं. त्याचं मला वाईट वाटतं, पण ते नदीचं काम. नदीशी कोण भांडणार?

दुपारचं जेवण मावशी रोज अल्देनोराला केंद्रात नेऊन द्यायची. त्या दिवशीही नेलं. तांबाकी माशाचा भाजलेला तुकडा, वर आपलं पीठ. रोज ठेवून निघून जायची, त्या दिवशी समोर बसून राहिली. पोरगी जेवताना उठून घराकडे येऊ नये म्हणून बसली होती. पीठघर आणि केंद्र यांच्यामध्ये एक चिंचोळा लाकडी साकव आणि चार घरं, इतकंच.

अल्देनोरानं विचारलं, "ओसिमार दिसला नाही आज. मला चिडवायला यायची वेळ झाली त्याची."

"पलीकडं गेलाय. जाळी टाकायला."

"तू आज बसून का राहिलीस?"

"म्हातारी झाले. खा तू. आणखी घे, दोघांचं खायचंय तुला."

अल्देनोरानं आणखी घेतलं. हेही तिनं मला पुढे होडीत सांगितलं. ती म्हणाली, "तेर्तुदादा, मी काटे वेचून वेचून खाल्लं रे. मासा फार चांगला झाला होता."

मी आलो तेव्हा सूर्य झाडांच्या मागे उतरायला लागला होता. मावशी धक्क्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती. "इंजिन बंद करू नकोस. ओसिमारला मोठ्या गावाला ने. अल्देनोराला काही सांगू नकोस." मी पीठघरात गेलो. कढईशेजारी तो पडला होता. पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा, कातडीवर पाण्याचे फोड, हिरड्यांतून रक्त झिरपत होतं, ते त्यानं बाहीला पुसून पुसून बाही लाल केली होती. मला बघून हसायचा प्रयत्न केला. "आलास का रे घोरत घोरत?"

मी बाहेर येऊन अल्देनोराच्या नावानं ओरडलो. मावशीनं माझं तोंड दाबलं. मी तिचा हात झटकला. आयुष्यात बाईमाणसाच्या अंगाला असा हात लावला नव्हता मी.

अल्देनोरा पेटी घेऊन साकवावरून पळत आली. मावशी दारात आडवी उभी, हात पसरून. "बघू नकोस! पोरी, तुझ्या पाया पडते, त्याच्याकडं बघू नकोस!" धक्काबुक्कीत घामानं ओला झगा अल्देनोराच्या पोटाला चिकटला आणि गोळा झालेल्या सगळ्या लोकांना दिसायचं ते दिसलं. कुणीतरी बाई किंचाळली. अल्देनोरानं आईच्या काखेखालून वाट काढली, आत गेली आणि भावाकडे बघितलं.

पुढे ती एक शब्द जास्त बोलली नाही. रक्त काचेच्या नळीत घेऊन भिंतीशी उभं ठेवलं. शीर शोधली, सलाईन लावलं, लस सोडली, मग हलक्या हातानं आवळपट्टी सैल केली. नळीतलं रक्त गोठायला हवं होतं, ते पाण्यासारखं इकडून तिकडे हलत राहिलं. ओसिमारनं डोळे उघडले. "ताई, पाणी." तिनं माझ्याकडून भांडं घेतलं आणि त्याच्या ओठांना लावलं. एक घोट आत गेला. दुसरा रक्तासकट बाहेर आला.

आम्ही त्याला होडीत घातलं. अल्देनोरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, सलाईनची बाटली वर धरून. थोड्या वेळानं तो म्हणाला डोकं फुटतंय. मग बोलणं तुटक झालं, मग तो बोलेनासा झाला आणि घोरल्यासारखा श्वास घेऊ लागला. अल्देनोरा म्हणाली, "डोक्यात रक्त उतरलं. आता काही उपयोग नाही." तरी मी इंजिन तसंच पळवलं. मोठ्या गावाचे दिवे दिसायच्या आधी तो श्वासही थांबला.

वस्तीनं निकाल देऊन टाकला. सकाळपासून बोलत होता, हसत होता, बहिणीनं बघितलं आणि गेला. आईनं नवरा खाल्ला, लेकीनं भाऊ खाल्ला. झुलेदे पोरांना घेऊन माहेरी गेली. जाताना केंद्राकडे तोंड करून थुंकली. बेलार्मिनोनं पुन्हा तंबाखू मळायला घेतली. आणि मग व्हायचं तेच झालं. वरच्या काठावरच्या एका जवान पोराला साप चावला, तर त्याच्या बापानं त्याला ताडपत्रीखाली झाकून, केंद्रासमोरून होडी वल्हवत थेट मोठ्या गावाला नेलं. पोर जगलं, पाय मांडीपासून कापला. लस त्याच्या वाटेवर होती, तीन वल्ह्यांवर. अल्देनोरा खिडकीत उभी राहून ती होडी जाताना बघत होती. काय आहे ताडपत्रीखाली, हे तिला कळलं होतं. ती हाका मारत राहिली, बाप मान वळवायला तयार नाही.

त्याच आठवड्यात मी केंद्रात फ्रिजची तार दुरुस्त करत होतो. मावशी आली. ओसिमार गेल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती. लेकीसमोर बसली, आणि पहिल्यांदा मी तिला कुणाच्या डोळ्यांत बघताना पाहिलं.

"एक सांग. खरं सांग. तुझ्या बापाला मी बघितलं म्हणून तो गेला का?"

अल्देनोरा कुप्या मांडत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता ही हो म्हणेल तर बरं. नवरा मारल्याचं ओझं म्हातारीनं जन्मभर वाहिलंच आहे, तेच राहू दे. कारण नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर तिथं बसलेल्या तिघांनाही ठाऊक होतं. पण हो म्हणायचं तर फ्रिज बंद करून चावी नदीत फेकायची.

"नाही आई. विषानं गेला. तेव्हा औषध जवळ नव्हतं. तू बघितलंस म्हणून त्याला शेवटी आपलं माणूस तरी दिसलं."

"मग ओसिमार?"

अल्देनोरानं हातातली कुपी फ्रिजमध्ये ठेवली. रडू आवरत नव्हतं तिला.

"बोल ना. औषध होतं तेव्हा जवळ."

"होतं, आई."

मावशीनं मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवावी तशी. "म्हणजे ज्याला मारलं म्हणून रडत बसले, त्याला मारलंच नव्हतं." मग आपले दोन्ही तळवे तिनं समोर धरून उलटेसुलटे करून पाहिले, पीठ परतून परतून भाजलेले, टणक हात. "डोळ्यांत काहीच नव्हतं गं. जे केलं ते ह्यांनी."

ती उठून घरी गेली. मला वाटलं, ही आता नदीत उडी घेणार, आणि मी दोन दिवस तिच्यावर नजर ठेवून होतो. तिनं उडी घेतली नाही. पीठघराच्या भिंतीतलं डांबर सुरीनं खरवडून काढलं आणि मेणकापड ओढून फेकून दिलं.

पुराचं पाणी ओसरायला लागलं तेव्हा खालच्या वस्तीवर एका लहान पोरीला चावल्याची बातमी आली. घरच्यांनी तिला लपवलंय, केंद्रात आणत नाहीत. अल्देनोराला तेव्हा सातवा सरत आलेला. ती निघाली तर लोक दारं लावणार. मावशी माझ्या होडीत येऊन बसली. "चल."

त्या घरच्यांनी तिला ओट्यावर चढू दिलं नाही. पोरीचा बाप कोयता घेऊनच उभा. "डोळेवाली, तू मागं फिर! तुझ्या घरात दोन गेले, आता आमच्यात आलीस?"

मावशी पाण्यात उभी राहिली, ओट्याच्या कडेला हात टेकून. आवाज चढवला नाही. "मी माझा पीठघरात लपवला होता. सकाळपासून. औषध चार घरं सोडून होतं, आणि मी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही. त्याच्या बहिणीच्या नजरेनं नाही मेला तो, मी लपवला म्हणून मेला. मी मारला. आता तू तुझी लपव. किती वेळ झाला चावून?"

बापाचा कोयता खाली आला. आतून पोरीची आई म्हणाली, "तेर्तुदादा, होडी लाव इकडं."

पोरगी वाचली. पाय थोडा लंगडा राहिला.

अल्देनोराला मुलगा झाला, आता तो धक्क्यावरून पाण्यात उड्या मारतो. आजी त्याच्याकडे तासन्‌तास बघत बसते, डोळे भरून, अगदी डोळ्यांत डोळे घालून. पण त्याला तिनं कधी मांडीवर घेतलं नाही. तान्हा असताना अल्देनोरानं एकदा बळेच हातात दिला, तर मावशीनं हात पाठीमागे नेले. अल्देनोरानं पुन्हा आग्रह केला नाही.

चावल्याची बातमी आली की ती आता भिंतीकडे तोंड करत नाही, माझ्या होडीत येऊन बसते. प्रत्येक घरासमोर तेच बोलते, तेच शब्द, मी माझा लपवला होता. काही घरं ऐकतात, काही ऐकत नाहीत. ऐकत नाहीत त्यांची माणसं आम्ही पुढे कधीतरी पांढऱ्या चादरीत परत आणतो. लोक तिला अजून डोळेवालीच म्हणतात, फक्त आता तिच्या तोंडावरही म्हणतात, आणि ती ओ देते. चावलेलं माणूस होडीत घेतलं की सगळ्यात आधी ती त्याच्या तोंडाला पाण्याचं भांडं लावते. भांडं तिच्या पिशवीत असतंच.

परतीच्या वाटेवर, होडी रिकामी असली, की ती मला एकच विचारते. मी इंजिनाचा आवाज कमी करतो, कारण मला माहीत असतं.

"तेर्तु, ओसिमारनं शेवटी पाणी मागितलं होतं ना?"

"हो मावशी. अल्देनोरानं दिलं."

"किती प्याला रे?"

"भांडंभर," मी म्हणतो. "पोटभर प्याला, मावशी."